‘आजच’ म्हणजे ‘टुडे ओन्ली’ नव्हे: ‘ओन्ली’ कसा, कुठे आणि का वापरायचा

‘रिपोर्ट आजच पाठवा’ हे वाक्य मनात असतं आणि मेलमध्ये उतरतं ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टुडे ओन्ली’. पुण्यातल्या सहकाऱ्याला निरोप अचूक पोचतो, कारण त्याच्याही डोक्यात तोच ‘च’ बसलेला असतो. लंडनमध्ये किंवा टोरांटोत मेल उघडणारा मात्र थबकतो. त्याला हे वाक्य ‘फक्त आजचा दिवस पाठवा, उद्यापासून नको’ असं ऐकू येतं. रिपोर्ट रोज जाणारा असेल, तर तो उद्यापासून पाठवणं बंदही करेल. आपल्याला सांगायची होती ती घाई, आणि ती तर त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

‘ओन्ली’चा अर्थ आपल्याला शाळेपासून पाठ असतो. गोंधळ होतो तो मराठी ‘च’मुळे. हा एका अक्षराचा ‘च’ पाच-सहा कामं करतो. ‘ओन्ली’ त्यांतलं मुख्यतः एकच करतो, ते म्हणजे बाकीच्यांना बाहेर ठेवणं. म्हणून ‘ओन्ली’ लिहिण्याआधी आपला ‘च’ कुठलं काम करतोय ते तपासायचं. याला अर्धं मिनिट लागतं आणि सवय झाली की तेवढंही लागत नाही.

‘च’ची परीक्षा

मराठी वाक्य मनात म्हणा. त्यातला ‘च’ काढा आणि त्या जागी ‘फक्त अमुक, दुसरं कोणी किंवा काही नाही’ असं घालून पाहा. अर्थ जागचा हलला नाही, तर ‘ओन्ली’ बेलाशक लिहा.

‘चावी वॉचमनकडेच असते.’ परीक्षेनंतर: ‘चावी फक्त वॉचमनकडे असते, दुसऱ्या कोणाकडे नाही.’ अर्थ तोच राहिला. ‘ओन्ली द वॉचमन हॅज द की.’

‘मी इथेच आहे.’ परीक्षेनंतर: ‘मी फक्त इथे आहे, दुसरीकडे कुठे नाही.’ माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे हे वाक्य निरर्थक झालं. इथला ‘च’ धीर देण्यासाठी आलाय: मी कुठे गेलेलो नाही, काळजी करू नकोस. म्हणून ‘आय ॲम हिअर ओन्ली’ नको. ‘आय ॲम राइट हिअर’ किंवा ‘आय हॅव्हन्ट गॉन एनिव्हेअर’ म्हणा.

या परीक्षेत नापास होणारे ‘च’ रोजच्या बोलण्यात भरपूर आहेत. त्यांची इंग्रजी रूपं वेगवेगळी आहेत आणि ती एकेक करून अंगवळणी पाडावी लागतात.

‘तो तसाच आहे’ याचं ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ हे भाषांतर भारतभर चालतं, कारण हिंदीतला ‘ही’सुद्धा आपल्या ‘च’सारखाच वागतो. भारताबाहेर म्हणायचं तर ‘दॅट्स जस्ट द वे ही इज’. ‘तू सांगितलंस तेच केलं’ यातला ‘च’ नेमकेपणाचा आहे, म्हणून ‘आय डिड एक्झॅक्टली व्हॉट यू सेड’. ‘तोच माणूस पुन्हा आला’ यातला ओळख पटवणारा आहे, म्हणून ‘द सेम मॅन’. ‘मीच फोन केला होता’ या वाक्यात इतर कोणाला वगळायचं नसतं, ‘तो फोन करणारा मी’ एवढं सांगायचं असतं: ‘इट वॉज मी हू रँग’. याऐवजी ‘ओन्ली आय रँग’ लिहिलं तर ‘बाकी कोणी फोन करायची तसदी घेतली नाही’ अशी तक्रार त्यातून निघते. तशी तक्रार खरोखर करायची असेल तेव्हा ते वाक्य अगदी योग्य आहे.

क्रियापदाला चिकटलेल्या ‘च’साठी ‘ओन्ली’ जवळपास कधीच चालत नाही. ‘येतोच’ म्हणजे ‘आय विल बी राइट देअर’. ‘तो आलाच नाही’ म्हणजे ‘ही डिडन्ट कम ॲट ऑल’. ‘जायलाच हवं’ म्हणजे ‘आय रिअली मस्ट गो’. भाषण संपवताना म्हटलेलं ‘एवढंच सांगायचं होतं’ हे इंग्रजीत ‘दॅट्स ऑल आय वॉन्टेड टु से’ होतं. ‘ओन्ली धिस मच’ तिथे अवघडल्यासारखं वाटतं.

आणखी एक सावधगिरी. ‘ओन्ली’ चुकीचा आहे हे कळलं की बरेचजण त्या जागी ‘इटसेल्फ’ ठेवतात: ‘टुडे इटसेल्फ’, ‘हिअर इटसेल्फ’. गैरसमज त्यामुळे टळतो हे खरं, पण हाही भारतीय इंग्रजीचाच प्रयोग आहे. सुरुवातीच्या मेलसाठी साधं ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टुडे’ पुरतं. घाई दाखवायची असेल तर वेळ लिहा: ‘बाय फाइव्ह धिस इव्हनिंग’. इंग्रजीत घाईचं काम घड्याळ करतं, अव्यय करत नाही.

भारतीय इंग्रजीतला हा वाक्याच्या शेवटी येणारा ‘ओन्ली’ हीन आहे, असा याचा अर्थ मुळीच घेऊ नये. भाषा अभ्यासणाऱ्यांनी त्याची स्वतंत्र नोंद घेतलेली आहे. घरात, मित्रांत, कॉलेजच्या कट्ट्यावर तो बिनदिक्कत वापरावा. करार, अर्ज, औषधाच्या सूचना आणि परदेशी पत्रव्यवहार इथे मात्र समोरच्याला कळणाऱ्या अर्थाने लिहिणं भाग आहे.

वेळ सांगताना सगळ्यात मोठा धोका

बाकी ठिकाणी चुकीच्या ‘ओन्ली’ने वाक्य विचित्र होतं. वेळेच्या बाबतीत ते थेट उलटं होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

‘मुलं नऊलाच झोपली.’ आपल्याला म्हणायचंय की लवकर झोपली, नऊ वाजतात न वाजतात तोच. याचं इंग्रजी ‘द चिल्ड्रन फेल अस्लीप ओन्ली ॲट नाइन’ असं केलंत, तर ऐकणाऱ्याला कळेल: नऊ वाजेपर्यंत काही केल्या झोपली नाहीत. लवकरचं उशिरा झालं. कारण घड्याळातल्या वेळेबरोबर ‘ओन्ली’ आला की तो त्याआधीच्या सगळ्या वेळा बाहेर काढतो: आठ नाही, साडेआठ नाही, थेट नऊ. म्हणजेच उशीर. लवकरपणा सांगायचा तर ‘द चिल्ड्रन वर ऑलरेडी अस्लीप बाय नाइन’ किंवा ‘ॲज अर्ली ॲज नाइन’.

उशीर दाखवणाऱ्या या ‘ओन्ली’ला मराठीत जोडीदार आहे, पण तो ‘च’ नव्हे, ‘कुठे’ आहे. ‘दहा वाजले तेव्हा कुठे मुलं झोपली.’ हे शब्दशः ‘ओन्ली ॲट टेन डिड द चिल्ड्रन फॉल अस्लीप’. मनातलं मराठी वाक्य ‘तेव्हा कुठे’ने सांगता येत असेल तर ‘ओन्ली’ हवा. ‘इतक्या लवकर’ने सांगता येत असेल तर ‘ओन्ली’ नको. बोलताना बहुतेक इंग्रज इथे ‘नॉट टिल’ वापरतात: ‘दे डिडन्ट फॉल अस्लीप टिल टेन’. ते अधिक सहज वाटतं.

झालेल्या गोष्टीला फार दिवस झाले नाहीत हे सांगताना मात्र ‘च’ आणि ‘ओन्ली’ पुन्हा हातात हात घालतात. ‘तो कालच भेटला’ म्हणजे ‘आय मेट हिम ओन्ली यस्टर्डे’. इथेही शब्दांचा क्रम सांभाळा. ‘ओन्ली यस्टर्डे’ म्हणजे इतक्या अलीकडे. ‘यस्टर्डे ओन्ली’ म्हणजे फक्त काल, परवा नाही.

आकड्यांबरोबर ‘ओन्ली’ निर्धास्त वापरता येतो. तिथे मराठीत बहुधा ‘अवघा’, ‘जेमतेम’ किंवा ‘फक्त’ असतो: ‘ती अवघी सात वर्षांची आहे’ म्हणजे ‘शी इज ओन्ली सेव्हन’.

शब्द मुळात काय आहे

त्याची व्युत्पत्ती पाहिली की हा बाहेर ठेवण्याचा स्वभाव लगेच उमगतो. जुन्या इंग्रजीत शब्द होता ‘आनलिक’: ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लिक’ म्हणजे देह, रूप. एकट्याच्या रूपाचा, ज्याच्यासारखा दुसरा नाही असा. त्याच्याच ‘ऐनलिक’ या जोडरूपाला त्या काळी ‘अद्वितीय’, ‘देखणा’ असेही अर्थ होते. पुढे ‘लिक’ झिजून ‘ली’ झाला. ‘फ्रेंडली’, ‘डेली’ या शब्दांच्या शेवटी बसलेला ‘ली’ तोच, आणि ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’सुद्धा त्याच घरातला.

मग ‘वन’ आणि ‘ओन्ली’ यांचे उच्चार इतके वेगळे का? खरं तर ‘ओन्ली’चा उच्चार नियमाला धरून आहे, वाट सोडली ती ‘वन’ने. जुन्या इंग्रजीतला दीर्घ ‘आ’ पुढे ‘ओ’ झाला: ‘स्तान’चा ‘स्टोन’, ‘हाम’चा ‘होम’, ‘बान’चा ‘बोन’. त्याच चालीने ‘आन’चा ‘ओन’ व्हायला हवा होता. ‘ओन्ली’मध्ये तो तसा झाला. ‘अलोन’मध्येही झाला, कारण तो शब्द म्हणजे ‘ऑल’ आणि ‘वन’ यांची जोडणी. ‘अटोन’मध्येही झाला, तो ‘ॲट वन’, म्हणजे एक होणं, समेट होणं. सुटा ‘वन’ तेवढा पश्चिमेकडच्या बोलीतला, पुढे ‘व’ लावलेला उच्चार घेऊन प्रमाणभाषेत आला. ‘अ’ आणि ‘ॲन’ ही उपपदंही त्याच ‘आन’ची, आघात नसल्यामुळे आखडलेली रूपं आहेत.

आपला ‘एक’ही या कुळातला लांबचा नातेवाईक आहे. प्राचीन मूळ धातू एकच. संस्कृतात त्याला ‘क’ प्रत्यय लागून ‘एक’ झाला, तर युरोपीय शाखांत ‘न’ प्रत्यय लागून लॅटिनमधला ‘ऊनुस’ आणि इंग्रजीतला ‘आन’ झाला. ‘एकुलता’ आणि ‘ओन्ली’ एकमेकांचे अर्थ बनतात ते असे दोन्ही बाजूंनी ‘एक’मधून आलेले आहेत.

‘ओन्ली’च्या स्पेलिंगमध्ये ‘वन’चा शेवटचा ‘ई’ आज दिसत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या छापील पुस्तकांत मात्र तो पुष्कळदा सापडतो, आणि शेवटच्या अक्षराचीही तेव्हा एकच रीत नव्हती. शेक्सपिअरच्या सुनीतांच्या १६०९ सालच्या छापील आवृत्तीत अर्पणपत्रिकेवरच्या ‘ओन्ली’च्या शेवटी आजचा ‘वाय’ नसून ‘आय-ई’ आहे. आज लिहिताना ‘ओ-एन-एल-वाय’, मध्ये काही घालायचं नाही. बोलताना पहिला स्वर जरा लांबवायचा, ‘ओउन्-ली’. ‘ऑन्ली’ म्हणू नये.

जाता जाता ‘च’बद्दलही. संस्कृतातला ‘च’ म्हणजे ‘आणि’. मराठीतला ‘च’ त्याच्यापासून आलेला नाही. त्याचं नातं प्राकृतातल्या ‘च्चेअ’, ‘च्चिअ’, ‘च्च’ या अव्ययांशी जोडलं जातं. हेमचंद्रांनी बाराव्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात अशा अव्ययांचा अर्थ ‘अवधारण’ म्हणजे निश्चयाने ठसवून सांगणं असा दिला आहे. ठसवणं हे ‘च’चं जन्मजात काम, वगळणं हे ‘ओन्ली’चं.

जागा कुठली

मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्याचाच होतो, शंकेला जागा उरत नाही. ‘ओन्ली’ सुटा फिरतो, म्हणून त्याला बसवावं लागतं. लेखी इंग्रजीत नियम सोपा: ज्या शब्दावर मर्यादा घालायची, त्याच्या लगेच आधी.

हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीतलं एक वाक्य घेऊ: ‘द सोसायटी विल रिपेअर द टेरेस इन मे’. सोसायटी मे महिन्यात गच्ची दुरुस्त करेल.

‘ओन्ली द सोसायटी विल रिपेअर द टेरेस इन मे’: सोसायटीच करेल, सभासदांनी आपला कंत्राटदार आणू नये.

‘द सोसायटी विल रिपेअर ओन्ली द टेरेस इन मे’: गच्चीच, जिना आणि टाकी यात नाही.

‘द सोसायटी विल रिपेअर द टेरेस ओन्ली इन मे’: मे महिन्यातच, आधी विचारू नका.

आता बहुतेक नोटिशींत सापडणारं रूप पाहा: ‘द सोसायटी विल ओन्ली रिपेअर द टेरेस इन मे’. याचे चार अर्थ निघतात. वरचे शेवटचे दोन, शिवाय ‘दुरुस्तीच करेल, नवा थर टाकणार नाही’ हा तिसरा आणि ‘एवढं एकच काम करेल’ हा चौथा. नोटीस वाचून भांडण होतं ते इथे.

मग इंग्रज स्वतः असं का बोलतात? कारण बोलताना आवाजाचा जोर अर्थ पक्का करतो. ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ म्हणताना ‘टेन’वर जोर पडला की शंका संपते. बोली इंग्रजीत ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी, साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर येतो, आणि ते अगदी शुद्ध आहे. याला हरकत घेणाऱ्यांमध्ये रॉबर्ट लाउथ होते. त्यांचं इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं आणि पुढे ते लंडनचे बिशप झाले. उलट बाजूने एच. डब्ल्यू. फाउलर यांनी इंग्रजी कशी वापरावी हे सांगणाऱ्या १९२६ च्या आपल्या कोशात, अर्थ उघड असताना नैसर्गिक जागा हलवण्याचा हट्ट धरू नये, असं बजावलं. आमचं मत या बाबतीत स्पष्ट आहे: बोलताना फाउलर, करारात लाउथ. कागदाला आवाज नसतो.

दोन शब्दांच्या मध्ये अडकलेला ‘ओन्ली’ ही आणखी वाईट जागा. ‘टेक वन टॅबलेट ओन्ली आफ्टर मील्स’ यात एकच गोळी घ्यायची की जेवणानंतरच घ्यायची? दोन्ही वाचता येतं. स्वल्पविराम द्या आणि बाजू ठरवा: ‘टेक ओन्ली वन टॅबलेट, आफ्टर मील्स’ किंवा ‘टेक वन टॅबलेट, ओन्ली आफ्टर मील्स’. दोन्ही मर्यादा हव्या असतील तर दोन वाक्यं लिहा. औषधाच्या बाबतीत शब्द वाचवण्यात शहाणपण नाही.

एक मर्यादा इंग्रजीचीही आहे. मराठीत ‘पाचच लाडू’ आणि ‘पाच लाडूच’ हे वेगळे: पहिल्यात संख्या कमी, दुसऱ्यात चिवडा-चकली नाही. इंग्रजीत दोन्ही ‘ओन्ली फाइव्ह लाडूज’. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘फाइव्ह लाडूज अँड नथिंग एल्स’ असं फोडून सांगावं लागतं.

वाक्याच्या सुरुवातीला आला की

‘ओन्ली’ने सुरू होणाऱ्या वाक्यात कधी कधी क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. कधी, हे असं ओळखा. ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागला असेल तर क्रम बदलत नाही: ‘ओन्ली द सेक्रेटरी कॅन साइन’. तो वेळेला, अटीला किंवा रीतीला लागला असेल तर मुख्य वाक्याचा क्रम उलटतो: ‘ओन्ली आफ्टर द मीटिंग डिड शी साइन’, ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’. आपल्या ‘तेव्हा कुठे मला कळलं’ची ही जागा.

पोटवाक्य आलं की चूक हमखास होते. ‘ओन्ली व्हेन डिड द रेन स्टॉप, वुई वेंट आउट’ हे चूक. पोटवाक्य सरळ ठेवायचं, उलटायचं ते मुख्य वाक्य: ‘ओन्ली व्हेन द रेन स्टॉप्ड डिड वुई गो आउट’.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ची अडचण मात्र मराठीच सोडवते. ‘ती नुसती मराठीच नव्हे, तर कन्नडही बोलते.’ ‘च’ आणि ‘ही’ ज्यांना लागले, त्यांच्याच आधी ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ ठेवा: ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड’. ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड’ यात पहिल्या अर्ध्यात क्रियापद आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून ते लंगडतं.

दिसायला सारखे, अर्थाने वेगळे

‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’: ‘पावती असेल तरच पैसे परत मिळतील’. ‘इफ ओन्ली’ म्हणजे हळहळ: ‘पावती असती तर किती बरं झालं असतं’. अटींच्या कागदात ‘ओन्ली इफ’च्या जागी ‘इफ ओन्ली’ पडलं तर अट जाऊन उसासा उरतो.

‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल. ‘द ओन्ली चाइल्ड’ म्हणजे तिथे हजर असलेलं एकमेव मूल, भावंडं घरी असतीलही. ‘ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे अजून लहानच आहे, समजून घ्या. फरक फक्त उपपदाचा आणि त्याच्या जागेचा.

‘ओन्ली जस्ट’ म्हणजे आत्ता कुठे, किंवा जेमतेम: ‘वुई ओन्ली जस्ट कॉट द ट्रेन’, गाडी जेमतेम मिळाली. ‘ओन्ली टू ग्लॅड’मध्ये मर्यादेचा मागमूस नाही, ‘आय विल बी ओन्ली टू ग्लॅड टु हेल्प’ म्हणजे अगदी आनंदाने मदत करीन.

आणि ‘ओन्ली टु फाइंड’. ‘धावत स्टेशनवर गेलो, तर गाडी गेलेली!’ या वाक्यातला ‘तर’ इंग्रजीत नेमका ‘ओन्ली’ होतो: ‘आय रॅन टु द स्टेशन ओन्ली टु फाइंड द ट्रेन गॉन’. इथे ‘बट’ वापरलं तरी अर्थ कळतो, पण आपल्या ‘तर’मधला हिरमोड ‘ओन्ली’नेच येतो.

‘ओन्ली’चा अर्थ ‘पण’सुद्धा होतो: ‘आय वुड हॅव कम, ओन्ली इट वॉज रेनिंग’. बोलण्यात ठीक, औपचारिक लेखनात टाळावं. या अर्थबदलाचं आपल्याला नवल वाटू नये. संस्कृतातून आलेला ‘मात्र’ मुळात ‘फक्त’ होता, आज तो ‘परंतु’च्या जागी सर्रास बसतो. अरबीतून आलेला ‘फक्त’ही त्याच वाटेवर आहे: ‘घर छान आहे, फक्त पाणी येत नाही’. इंग्रजी ‘बट’मध्येही हे दोन्ही अर्थ भेटतात, ‘ही इज बट अ चाइल्ड’मध्ये त्याचा अर्थ ‘फक्त’ आहे. एखादी गोष्ट वगळली की तिथेच ‘पण’ उगवतो, भाषा कुठलीही असो.

पाट्या आणि चेक

पाट्यांवर ‘ओन्ली’ शेवटीच येतो आणि तिथे तो जगभर बरोबर आहे: ‘लेडीज ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवरचं ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. या पूर्ण वाक्यांच्या जागा नाहीत, नामाला लावलेल्या चिठ्ठ्या आहेत. मराठी पाटी करताना ‘फक्त’ पुढे आणा: ‘फक्त महिलांसाठी’. ‘महिला फक्त’ हे इंग्रजीचं ओझं आहे.

चेकवरचा ‘ओन्ली’ अर्थापेक्षा कुलूप म्हणून जास्त महत्त्वाचा. ‘रुपीज फाइव्ह थाउजंड’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली, तर तिथे ‘फाइव्ह हंड्रेड’ कोणीही वाढवू शकतो. ‘ओन्ली’ लिहिला की रक्कम तिथे बंद होते. म्हणून तो शेवटच्या शब्दाला लगटून लिहायचा, मध्ये बोटभरही अंतर सोडायचं नाही, आणि उरलेल्या ओळीवर आडवी रेघ ओढायची. पहिला शब्दही ओळीच्या अगदी सुरुवातीपासून, नाहीतर ‘फाइव्ह’च्या आधी ‘ट्वेंटी’ बसतो. अंकांच्या चौकटीत हेच काम ‘/-’ ही खूण करते: ‘५,०००/-’. मराठीत चेक लिहिला तरी चालतो. तेव्हा ‘रुपये पाच हजार फक्त’.

डाव्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघांमधलं ‘अकाउंट पेयी ओन्ली’ हे वेगळं प्रकरण. तिथला ‘ओन्ली’ रकमेला नसून खात्याला लागतो: पैसे ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याच खात्यात. नुसतं ‘अकाउंट पेयी’ लिहिलं तरी परिणाम तोच. अक्षरी रकमेत मात्र ‘ओन्ली’ गाळू नका, आणि पैसे असतील तर तो रुपयांनंतर न लिहिता सगळ्यात शेवटी लिहा: ‘रुपीज फाइव्ह थाउजंड अँड पैसे फिफ्टी ओन्ली’. चुकून तो ‘थाउजंड’च्या पुढे पडलाच, तर खोडून पैसे जोडत बसू नका, नवा चेक घ्या.